चारची लाईट

कॉम्प्युटर चालू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या, की बाकीची माणसं चहाला जातात. मी जात नाही. इतकी वर्षं झाली, तरी त्या ओळी बघताना माझ्या छातीत धडधडतं. बायको म्हणते, सिनेमा बघत असल्यासारखं काय बघता? मी म्हणतो, सिनेमाच आहे, आणि एकदा त्यात मी काम केलेलं आहे.

त्या ओळींत काय चाललेलं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. मशीन सुरू झालं की आधी हा उठतो आणि उठल्या उठल्या काल अर्धवट राहिलेली आवराआवर करतो. कोणती फाईल पुसायची राहून गेली, कोणती अर्धी लिहून झाली, याची यादी डिस्कवर असते. ती तो वाचतो आणि एकेक काम निकालात काढतो. कुणाला विचारत नाही, कुणासाठी थांबत नाही. सगळं लख्ख झालं की मगच बाकीच्यांना उठवतो. चांगलीच सवय आहे ती. पण त्या दिवशी मी त्या सवयीला इतक्या शिव्या घातल्या, की विचारू नका.

ते वर्ष दुष्काळाचं. आमच्या भागातल्या दूध सोसायटीनं जनावरांची छावणी काढली होती. गावाबाहेरच्या माळावर लांबच लांब दावणी, वर शेडनेटची सावली, दिवसातून दोनदा ऊस नाहीतर पेंड, आणि टँकरचं पाणी. तेलगावपासून सिरसाळ्याच्या अंगाला जेवढी खेडी लागतात, तिथली जनावरं आमच्याकडे. मी सोसायटीत कॉम्प्युटरवाला म्हणून लागलेलो. पुण्यात चार बुकं शिकून परत आलो होतो आणि आपल्याला सगळं येतं असा पक्का समज होता. पुण्याच्या एका मित्रानं लिनक्सची सीडी दिली होती, ती मी सोसायटीच्या जुनाट मशीनवर चढवली. जनावरांच्या नोंदीचा प्रोग्रामही मीच लिहिला. एवढी ऐट मारायचो की चेअरमनसुद्धा मला कधीकधी अहोजाहो करायचे.

नोंदी घेताना मजा यायची. जनावराच्या कानात प्लास्टिकचा बिल्ला मारायचा, त्यावर आकडा. त्या आकड्यापुढं मालकाचं नाव आणि जनावराची खूण. लोक नुसती खूण सांगून थांबायचे नाहीत. 'डाव्या अंगानं जाऊ नका, लाथ मारती.' 'हिला कुत्रं आवडत न्हाई.' 'ह्यो हाक मारली की वळून बगतो, पन नाव बदलून मारली तर न्हाई बगत.' मी सगळं टाइप करायचो. सुरुवातीला कागदाचं रजिस्टरही होतं. एका दुपारी शिपाई ते दावणीजवळ ठेवून पाणी प्यायला गेला आणि एका बैलानं त्याची निम्मी पानं खाल्ली. दुष्काळातला बैल तो, त्याला कागद काय आणि कडबा काय. तेव्हापासून जे काही होतं ते माझ्या मशीनमध्येच होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंदच झाला होता.

लाईट रोज सकाळी अकराला जायची आणि दुपारी चारला यायची. आमच्याकडे शेतातल्या मोटरीला 'ऑटो' बसवतात. लाईट आली की स्टार्टर आपोआप ओढला जातो, मोटर चालू होते, रानात पळत जायला नको. मला वाटलं, मोटरीला ऑटो तर कॉम्प्युटरला का नको? मशीनच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. मी ती लावून टाकली. यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती, म्हणून वायर थेट भिंतीतल्या पॉइंटला. चार वाजले, लाईट आली, की कुणी हात न लावता मशीन चालू. पहिल्या दिवशी हे बघायला अर्धा गाव आला होता. शिपाई येईल त्याला सांगायचा, "आमच्या कॉम्प्युटरला बी ऑटो हाय." दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हा शहाणपणा कुणाला सुचला नसता, आणि बरं झालं नसता सुचला.

आता भांडणाकडे येतो. गवत उगवलं, छावणी बंद व्हायची वेळ आली, लोक आपापली जनावरं घेऊन चालले. मोठी जनावरं ज्याची तो ओळखतो, बिल्ला बघायचीही गरज नसते. अडचण झाली ती छावणीत जन्मलेल्या वासरांची. त्यातल्या एका कालवडीची तर फारच.

एक मेंढपाळाची बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. मेंढरं घेऊन ती माणसं गोदाकाठाला गेली तेव्हा त्यांची लाल गाय गाभण होती, चालवत नेण्यासारखी नव्हती. मावशीनं ती छावणीत आणून बांधली, मला अर्धा तास तिचे गुण सांगितले आणि गेली. नंतर गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. त्याच आठवड्यात चेअरमनची गायही व्याली. दोन वासरांपैकी एक मेलं, एक जगलं. उरलेली गाय चेअरमनची. तिच्याखाली उरलेली कालवड लावली, गायीनं तिला चाटलं, दूध पाजलं, दोघींचं जमलं. कालवड कुणाची? मावशीनं तर ती पाहिलेलीच नव्हती. दावणीवरचा जो गडी त्या दिवसांत होता, तो कामाला पुण्याकडं निघून गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. नोंद मीच घेतली होती, पण तेव्हा पन्नासाच्या वर वासरं जन्मली होती. कुठलं मेलं आणि कुठलं जगलं ते मला शपथेवर सांगता येईना.

मावशी आली ती दुपारी बाराला. आल्या आल्या दावणीपुढं उभी राहिली.

"माझ्या गायीचं हाय ते लेकरू. मी गाभन सोडून गेलते."

चेअरमन तिथंच होते. माणूस मोठा, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन, पण खोटं बोलणारा नव्हे.

"मावशी, मी बी खोटं बोलंना. माझी गाय त्याच आठवड्यात व्यालती. बगा की, कशी चाटायली त्याला."

"चाटल. माय मेल्यावर कुनीबी चाटल."

मग चेअरमन माझ्याकडे वळले. "काय बे, नोंद हाय का न्हाई तुझ्यात?"

"हाय की," मी छाती काढून म्हणालो. "चारला लाईट आली की बघू."

"मंग ठरलं. कॉम्प्युटर म्हनंल तसं. समद्यांच्या म्होरं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "लेकरा, माझ्या घरात त्या गायीची तिसरी पिढी हाय ही. हिच्या म्होरं दुसरं काईच न्हाई मला. नीट बग." मी म्हणालो, मावशी, काळजीच करू नका.

चारला अजून वेळ होता. मला वाटलं, नोंद नुसती पडद्यावर दाखवण्यापेक्षा छापून द्यावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे झगडा कायमचा मिटेल. प्रिंटरची शाई संपली होती. मोटरसायकल काढली आणि तेलगावला गेलो. दुकानदाराकडे लाईट होती, त्याची लाईन वेगळी. कार्ट्रिज घेतलं. खिशात पेन ड्राइव्ह होता, सकाळीच मी सगळ्या नोंदींची प्रत त्यावर घेतली होती. म्हटलं, इथंच बघून टाकू मावशीचं नशीब. दुकानदाराच्या कॉम्प्युटरला लावला, फाईल उघडली, शेवटपर्यंत गेलो.

वासरं नव्हतीच. एकही नाही. यादी उन्हाळ्याच्या आधीच संपत होती.

सकाळी दहाला मी काय केलं होतं ते डोळ्यांपुढं आलं. मशीनवर जुना पसारा झाला होता, म्हणून मी साफसफाई केली होती. नोंदींच्या दोन फायली होत्या, नावं जवळजवळ सारखी. एक जुनी, एक चालू. मी एक पुसली. प्रोग्राम तेव्हा उघडा होता आणि पडद्यावर सगळ्या नोंदी झकास दिसत होत्या, म्हणून मी निर्धास्त. नंतर उरलेलीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. म्हणजे पुसली ती चालू, आणि राहिली ती जुनी. माझ्यासारखा गाढव शोधून सापडला नसता.

पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो आधी हसला. मी हसत नाही म्हटल्यावर गप्प झाला.

"पुसलीस तेव्हा प्रोग्राम चालू होता?"

"हो. फाईल त्यातच उघडी होती."

"नंतर प्रोग्राम बंद केलास? मशीन नीट बंद केलंस?"

"कुठलं नीट? अकराला लाईट गेली. धाडकन बंद."

"वाचलास!" तो इतक्या जोरात ओरडला की दुकानदारानंही वळून पाहिलं. "ऐक. उघडी असलेली फाईल पुसली तरी ती लगेच जात नाही. नाव जातं, पण आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो, प्रोग्रामचं काम संपेपर्यंत. कर्नेल नुसतं यादीत लिहून ठेवतो, की ही नंतर पुसायची आहे. तू मशीन नीट बंद केलं असतंस तर त्यानं तेव्हाच पुसली असती. लाईट गेली म्हणून राहून गेलं. आता ते काम तो पुढच्या वेळी मशीन चालू झाल्या झाल्या करणार. सगळ्यात आधी. म्हणून काहीही कर, ते मशीन चालू करू नकोस. एकदा डिस्कवरून सुरू झालं की संपलं."

आयुष्यात पहिल्यांदाच मला लोडशेडिंगचे पाय धरावेसे वाटले. एक श्वास सुटला. आणि दुसरा तिथंच अडकला.

"अरे," मी म्हणालो, "ते चारला आपोआप चालू होतं."

"आपोआप? का?"

"मी ऑटो लावलाय."

तेव्हा त्याला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते मी आजवर विचारलेलं नाही. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

शिपायाला फोन लावला, बंद. त्याचा मोबाईलही चारच्या लाईटचीच वाट बघत असणार. मग चेअरमनना लावला.

"साहेब, कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढून ठेवा. मी येईस्तोवर चालू होऊ देऊ नका."

"कावून?"

"आल्यावर सांगतो. आत्ता फक्त वायर काढा."

"बारा वाजता म्हनलास नोंद हाय. आता म्हनतूस मशीन लावू नका. कोनाच्या सांगन्यावरून बोलायलास बे?" आणि फोन ठेवला. परत लावला तर उचललाच नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.

गाडीला किक मारली. एरवी तो रस्ता माझ्या अंगवळणी पडलेला, कुठं खड्डा आहे ते डोळे मिटून सांगेन. त्या दिवशी एकही खड्डा चुकवला नाही, चुकवायला वेळच नव्हता. कार्ट्रिज कुठंतरी उडालं, थांबलो नाही. अर्धा रस्ता कापला आणि पुढं पाहिलं तर छावणीतून सुटलेली जनावरं. रस्ताभर. गायी, म्हशी, त्यांच्यामागं बायामाणसं, डोक्यावर बोचकी, सगळ्यांचे चेहरे खुललेले. कधी नव्हे ते घरी चालले होते ते, आणि मी मागून हॉर्न वाजवून जीव खात होतो. एक बैल आडवा उभा राहिला तो हलेनाच.

"हाना की त्याला बाजूला!" मी ओरडलो.

"हळू घ्या की," मालक म्हणाला. "एवढे दिस दावनीलाच व्हता. त्याला रस्त्याची सवय न्हाई राहिली."

मी गाडी सरळ रानात घातली. काळ्या मातीत चाक रुतत होतं, निसटत होतं, दोनदा पडता पडता वाचलो. पण एक सांगू? भीती होती, चूक आपली आहे हे माहीत होतं, तरी अंगात एक उकळी होती. ती फाईल मेलेली नव्हती. माळावरच्या त्या खोलीत, बंद पेटीच्या आत, ती अजून जिवंत होती, आणि जगात हे ठाऊक असलेली माणसं दोनच, त्यातला एक पुण्यात. बाजूच्या कपाशीतून कुणीतरी विचारलं, काय झालं? मी नुसताच हात हलवला.

सोसायटीसमोर पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या खुर्चीत चेअरमन, शेजारी खाली मावशी, दोघांच्या नजरा काळ्या पडद्यावर. मी दारातूनच ओरडलो, "वायर काढा!" आणि नेमकी तेव्हा लाईट आली.

आमच्याकडची लाईट जाताना मिनिट चुकवत नाही, येताना मात्र कधी वेळ पाळत नाही. पण वेळेच्या आधी आलेली मी जन्मात तेवढी एकदाच पाहिली. पंखा कुरकुरला, बल्ब लागला, आणि माझ्या लाडक्या ऑटोनं आपलं काम केलं. मशीन घरघरलं. शिपाई आनंदानं म्हणाला, "झालं चालू!"

पडद्यावर आधी मेमरीचे आकडे पळाले. त्यानंतर एक छोटी यादी येते आणि मशीन पाच सेकंद थांबतं, कुणी दुसरं काही निवडतंय का बघायला. ते पाच सेकंद संपले की कर्नेल उठतो. लोकांच्या डोक्यांवरून मला तो आकडा दिसत होता. पाच. मी माणसांत घुसलो. चार. कुणाच्या तरी पायावर पाय पडला, त्यानं शिवी दिली. तीन. चेअरमननी हात आडवा घातला. मी त्यांच्या हाताखालून सरपटलो, टेबलाखाली गेलो आणि वायर धरून ओढली. पडदा काळा होण्याआधी त्यावर दोन होता, असं शिपाई नंतर शपथेवर सांगायचा.

खोलीत एकदम गलका उडाला. चेअरमन उठून उभे राहिले. "ह्याला बाहेर काढा आधी!" आणि सगळ्यात वर मावशीचा आवाज, "कावून रं काढली वायर? माझी कालवड खातूस का काय?"

मी टेबलाखालून बाहेर आलो. अंगभर धूळ, हातात वायर. खोटं बोलायचं मनात आलं होतं, कबूल करतो. मशीन बिघडलंय म्हणालो असतो तर कुणाला कळलं असतं? पण मावशी समोर बसलेली.

"फाईल माझ्या हातून पुसली गेली," मी म्हणालो. "सकाळी. चुकून."

चेअरमन माझ्याकडे यायला लागले तसा मी हात वर केला.

"पण अजून गेलेली नाही. ऐकून घ्या. मावशी, समजा मी रजिस्टरातून एका जनावराचं नाव खोडलं. पण ते जनावर अजून दावणीला चारा खातंय. लगेच कुणी ओढून नेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कोण येतो?"

"झाडनारा," शिपाई म्हणाला.

"झाडणारा. तो रजिस्टर बघतो, नाव नसलेलं जनावर बाहेर काढतो आणि जागा साफ करतो. ह्या मशीनमध्ये तसाच एक झाडणारा आहे. मशीन चालू झालं की आधी तो येतो. आपली नोंद अजून दावणीला आहे, पण तिचं नाव मी खोडलंय."

चेअरमन अजून रागातच होते. पण मावशी उठून उभी राहिली.

"मंग त्या झाडनाऱ्याला आत येऊ देऊ नका," ती म्हणाली. "दुसऱ्या दारानं जा."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. तेच तर करायचं होतं! कपाटात लिनक्सची मूळ सीडी होती. मशीन डिस्कवरून सुरू न करता सीडीवरून सुरू केलं, तर कर्नेल सीडीवरचा उठतो. डिस्कला हात लावायला त्याला सांगितलं नाही, तर तो लावत नाही. मग आपण हळूच जाऊन डिस्कमध्ये नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. मित्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि त्याचा आवाज आमच्या त्या खोलीत घुमायला लागला.

"आधी पेटी उघड. डिस्कची केबल काढ. हो, पूर्ण काढ, मला तुझा भरवसा नाही."

केबल काढली. वायर लावली. मशीन डिस्कशिवाय सुरू केलं, सेटिंगमध्ये जाऊन सीडीला पहिला नंबर दिला आणि तो ऑटो स्वतःच्या हातानं बंद केला. सीडी आत सरकवली. परत वायर काढली. केबल जोडली. सीडी आत सरकवली.

"आता लाव," मित्र म्हणाला.

वायरची पिन पॉइंटमध्ये नीट बसेना. चेअरमन पुढं झाले आणि त्यांनी पॉइंट धरून ठेवला. मी बटन दाबलं. सीडी गरगरली. ओळी वर सरकायला लागल्या आणि मी प्रत्येक ओळ वाचत होतो. मागून कुणीतरी विचारलं, "आला का झाडनारा?" मी म्हणालो, नाही. आणखी ओळी. "आला का?" नाही! शेवटी कर्सर लुकलुकत थांबला. डिस्कला कुणीच हात लावला नव्हता. मी ओरडलो, खोली ओरडली, का ओरडतोय ते अर्ध्यांना माहीत नसताना ओरडली.

मित्रानं एकेक आज्ञा अक्षर अक्षर सांगितली. पुसायच्या राहिलेल्या फायलींची यादी बघ. बघितली. यादीत तीन आकडे होते. पहिला उचलला, नुसता कचरा. दुसरा रिकामा. तिसरा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला आणि उघडला. पडद्यावर पहिली ओळ मराठीत आली, 'बिल्ला १. म्हैस. डाव्या अंगानं जाऊ नका.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. सांगत कशाला बसू, रडलोच मी.

"खाली चल की," चेअरमन म्हणाले.

कालवडीच्या कानात बिल्ला दोनशे बाराचा. मी तिथवर गेलो आणि मोठ्यानं वाचलं. 'बिल्ला २१२. कालवड, लाल. उजव्या मागच्या पायाला खुराच्या वर पांढरी रेघ. आई बिल्ला ८७, तिसऱ्या दिवशी गेली. बिल्ला १३१ च्या गायीला गोऱ्हा झाला, तो मेलेलाच जन्मला. २१२ ला १३१ च्या गायीखाली लावली.' सत्त्याऐंशी म्हणजे मावशीची गाय. एकशे एकतीस चेअरमनची.

चेअरमन उठले, फोनमधल्या माझ्या मित्राला म्हणाले, "लई उपकार झाले तुमचे," आणि बाहेर चालायला लागले. आम्ही सगळे मागं. दावणीपाशी जाऊन त्यांनी वाकून कालवडीचा उजवा मागचा पाय धरला. खुराच्या वर पांढरी रेघ होती. त्यांनी तिच्या गळ्यातलं आपलं दावं सोडलं आणि बाजूला झाले. एवढे महिने आपलं म्हणून सांभाळलेलं वासरू होतं ते. चेहरा उतरलेला दिसत होता, पण शब्द फिरवला नाही.

मावशीनं पिशवीतून एक जुनं दावं काढलं. मऊ झालेलं, काळपट. मेलेल्या गायीचं होतं. जनावर दुसऱ्याच्या दावणीला सोडलं तरी दावं आपल्याबरोबर घरी न्यायचं, अशी त्यांच्यातली रीत. छावणीत गाय बांधून जाताना तिनं ते सोडून नेलं होतं आणि गोदाकाठाला सगळीकडं बरोबर हिंडवलं होतं. कालवडीच्या गळ्याला ते लांब झालं, तिनं दोन वेढे दिले. मग हलकेच ओढलं.

कालवड दोन पावलं आली आणि मागं वळली. गाय हंबरली. अशी हंबरली की लोकांनी माना खाली घातल्या. मावशीनं परत ओढलं. कालवड पाय रोवून उभी, मान गायीकडं.

मावशीनं ओढणं थांबवलं. मग दावणीशी गेली आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला बांधलं.

"पिऊ द्या," ती चेअरमनना म्हणाली. "दूध तुटेस्तवर तुमच्या गायीपाशीच राहू द्या. मंग नेते."

"आन दावं?" चेअरमननी विचारलं. "सोडून न्या. तुमच्याकडं तशी रीत हाय ना?"

"मागल्या बारीला रीतीनं नेलतं. गाय राहिली न्हाई." तिनं गाठ परत एकदा ओढून बघितली. "ह्या बारीला दावं ठिवून जाते."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिव रं. दोनशे बारा मावशीची, दावं बी मावशीचं. आन लिवल्यावर त्याला हात लावू नको."

मी आत जाऊन लिहिलं. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग रिकामी पिशवी खांद्याला अडकवून ती माळावरून निघाली. दुपारपासून जिच्यासाठी भांडली ती कालवड मागं दूध पीत होती, तरी जाताना तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. रिकाम्या हातानं इतक्या ऐटीत जाणारं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही.